डॉ. वायली आणि डब्यावरचे लेबल

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी मला दोन महिन्यांपूर्वी सांगितले. थोर व्यक्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे जिजाबाई, अहल्याबाई, सावित्रीबाई उभ्या राहतात. त्यांच्याविषयी मी नव्याने काय सांगणार? मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते गृहस्थ दूर अमेरिकेतले. त्यांचे नाव हार्वे वॉशिंग्टन वायली. नायगावात हे नाव फारसे कोणी ऐकले नसेल. परंतु शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या देशात ते घरोघरी ठाऊक होते. मला ते गेल्या दिवाळीत कळले, आणि कळण्याचे कारण जरा लाजिरवाणे आहे. तेच आधी सांगून टाकते.

आपण दरवर्षी दिवाळीचा फराळ करून विकतो. गेल्या वर्षी बेसन लाडवांचे काम माझ्याकडे होते. नेहमीचे तूप त्या आठवड्यात पुरेसे मिळेना, म्हणून मी बाजारातून एक मोठा डबा आणला. डब्यावर हिरवे कुरण, त्यात वासराला चाटणारी गाय आणि वर सोनेरी अक्षरांत एक सात्त्विक नाव. वासही छान होता. लाडू वळले, पाव पाव किलोची पाकिटे केली आणि प्रत्येक पाकिटावर मी माझ्या हाताने लिहिले : साजूक तुपातील बेसन लाडू. दोन दिवसांत सगळे खपले. पुढे माझी नात परभणीहून आली. ती तिथल्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र शिकते. तिने तो रिकामा डबा उचलून मागची बाजू उजेडात धरली. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत तिथे लिहिलेले होते, की आत वनस्पती तेल असून त्याला तुपाचा वास लावलेला आहे. तूप हा शब्द पुढच्या बाजूला कुठेच नव्हता! तो मी माझ्या मनाने वाचला होता, गाईकडे बघून.

डबेवाल्याला दोष देऊन मी मोकळी झाले असते; पण नातीने माझ्याकडे पाहून विचारले, की आजी, पाकिटांवर तू काय लिहिलेस? मग मी घरोघर जाऊन खरे काय ते सांगितले आणि पैसे पुढे केले. बहुतेकींनी हसून नको म्हटले. एकीने मात्र मोजून घेतले, आणि तिने केले ते बरेच केले असे मला अजून वाटते. त्या रात्री नातीने मला डॉ. वायलींची हकीकत सांगितली. पुढे मी ती तिच्याकडून पुन्हा पुन्हा ऐकली, तिच्या पुस्तकांतून समजून घेतली आणि आता आपल्यापुढे ठेवते.

वायलींचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी इंडियाना संस्थानातील केंट या खेड्याजवळ, लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. वडील शेतकरी, शिवाय शाळाही शिकवीत आणि धर्मोपदेशही करीत. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामी होती. तिथून पळून येणाऱ्या गुलामांना गुपचूप पुढे पोचवणाऱ्यांपैकी हे वडील होते. घरात जे लागे ते शेतातच पिके. लहानग्या हार्वेने डब्यावरचे लेबल बघितले नसेल, कारण डबाच नव्हता. आपल्याकडेही त्या काळी, नायगाव निजामाच्या राज्यात होते तेव्हा, तेल घाणीवरून डोळ्यांदेखत यायचे आणि तूप घरच्या लोण्याचे असायचे. माल देणारा माणूस ओळखीचा, तेव्हा मालावर लिहायचे काय आणि कशाला? लेबलाची गरज लागते ती करणारा आणि खाणारा यांची गाठ पडेनाशी होते तेव्हा. अमेरिकेत आगगाड्या आल्या, मोठमोठे कारखाने निघाले, आणि शेकडो कोसांवर डब्यात भरलेले अन्न अनोळखी घरातल्या ताटात पडू लागले. त्या मधल्या अंतरात लबाडी शिरली.

हार्वे कॉलेजात असतानाच तिकडचे यादवी युद्ध चालू होते. १८६४ साली काही महिने ते सैन्यात जाऊन आले. पुढे १८७१ साली डॉक्टरकीची पदवी घेतली, पण दवाखाना काही मांडला नाही. त्यांचा ओढा रसायनशास्त्राकडे होता. १८७४ साली इंडियानात पर्ड्यू विद्यापीठ उघडले, तिथे ते रसायनाचे पहिले प्राध्यापक झाले. गृहस्थ मोठे हौशी असावेत. त्यांनी उंच चाकाची सायकल विकत घेतली आणि आखूड विजार घालून तिच्यावरून ते कॉलेजात येऊ लागले. मुलांबरोबर चेंडूफळीही खेळत. विश्वस्तांना हे प्राध्यापकाच्या प्रतिष्ठेला सोडून वाटले व त्यांनी वायलींना बोलावून समज दिली. वायलींनी तिथल्या तिथे राजीनामा लिहून पुढे केला. तो विश्वस्तांनी घेतला नाही.

१८७८ साली ते जर्मनीत शिकायला गेले व साखर कशी पारखावी हे तिथे शिकून आले. परत आल्यावर इंडियानाच्या आरोग्यमंडळाने बाजारातल्या साखरा, काकव्या आणि मध तपासण्याचे काम त्यांना दिले. मक्याच्या पिठापासून काढलेला ग्लुकोज त्या काळी स्वस्त होता, आणि तो मध म्हणून, मेपलच्या झाडाचा पाक म्हणून सर्रास विकला जाई. इथे त्यांच्या हातून एक चूकही घडली. १८८१ साली एका मासिकात त्यांनी लिहिले, की काही लोक मेणबत्तीच्या मेणाची खोटी पोळी करून तीत ग्लुकोज भरतात आणि मधाचे पोळे म्हणून विकतात. तसे पोळे कोणी केल्याचे सिद्ध झाले नाही. मधमाश्या पाळणारे शेतकरी खवळले आणि वायलींची थाप म्हणून ही गोष्ट पुढे कैक वर्षे गाजत राहिली. आपण ते थट्टेने लिहिले होते, असे वायलींना म्हणावे लागले. जन्मभर खऱ्या लेबलासाठी भांडणाऱ्या माणसाच्या नावावर ही थाप लिहिलेली आहे, हे वाचून मला, खरे सांगते, थोडा धीर आला.

१८८३ साली वॉशिंग्टनला सरकारी शेतकी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या होत्या. वायलींनी आपल्या प्रयोगशाळेत दूध, लोणी, मसाले, चहा, कॉफी, डबाबंद भाज्या असे एकेक घेऊन तपासायला सुरुवात केली आणि १८८७ पासून त्याचे अहवाल दहा भागांत छापले. दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्मलीन घालीत; प्रेते टिकवण्यासाठी वापरतात तेच हे द्रव्य. डब्यातला वाटाणा हिरवागार दिसावा म्हणून त्यात मोरचूद. कॉफीत चिकोरी आणि भाजलेले वाटाणे, मिऱ्यांच्या पुडीत कवट्यांचा भुगा. स्ट्रॉबेरीचा मुरंबा म्हणून सफरचंदाच्या साली, ग्लुकोज, डांबरापासून केलेला रंग आणि वर बिया वाटाव्यात म्हणून गवताचे बी! या सगळ्यावर लेबले मात्र सुंदर.

वायलींचे म्हणणे असे, की स्वस्त वस्तू विकण्यात पाप नाही. ग्लुकोज खुशाल विकावा, पण ग्लुकोज म्हणून विकावा. गरिबाने स्वस्त वस्तू घ्यायची की नाही ते त्याने ठरवावे. मात्र महागाचे नाव लावून स्वस्त वस्तू त्याच्या गळ्यात मारली, तर ती चोरीच झाली. विषाची गोष्ट निराळी; ते कोणत्याही नावाने नको.

हे अहवाल कपाटात पडून राहिले. कायदेमंडळात शुद्ध अन्नाची विधेयके वर्षानुवर्षे येत आणि वर्षानुवर्षे बारगळत. तेव्हा १९०२ साली वायलींनी एक धाडसी गोष्ट केली. सरकारकडून ५,००० डॉलर मंजूर करून घेऊन त्यांनी आपल्या कचेरीच्या तळघरात एक खाणावळ उघडली. खात्यातल्या बारा धडधाकट तरुणांनी तिथे तिन्ही वेळा फुकट जेवायचे, बाहेर काहीही खायचे नाही, आणि त्या जेवणात डबेवाले जी द्रव्ये घालतात ती मोजून घातलेली असतील ती मुकाट्याने घ्यायची. प्रथम टाकणखार, मग सॅलिसिलिक आम्ल, गंधकाचे आम्ल, बेंझोइक आम्ल, फॉर्मलीन. रोज वजन, रोज ताप, रोज मलमूत्राची तपासणी. आधी टाकणखार लोण्यात मिसळला, तर मुलांनी कसे कोण जाणे ओळखले आणि ते लोणी टाळू लागले. मग तो कॅप्सूलमध्ये भरून उघडच द्यावा लागला. मुलांची डोकी दुखत, पोटे बिघडत, अन्नावरची वासना जाई. वर्तमानपत्रांनी या मंडळींना विषपथक असे नाव दिले, आणि ज्या प्रश्नाकडे वीस वर्षे कोणी लक्ष दिले नव्हते त्याची चर्चा गावोगाव सुरू झाली. माणसांवर असा प्रयोग करणे आज कोणी मान्य करणार नाही, आणि मलाही त्या मुलांच्या आयांचा विचार मनातून जात नाही.

आता जी गोष्ट मुद्दाम आपल्या मंडळासाठी सांगायची ती. न्यू जर्सी संस्थानात क्रॅनफर्ड नावाचे लहान गाव आहे. तिथे ॲलिस लेकी नावाच्या बाई आपल्या वृद्ध वडिलांची शुश्रूषा करीत. वडिलांचे पथ्य सांभाळता सांभाळता डब्यांत काय असते याचा त्या शोध घेऊ लागल्या. गावात एक ग्रामसुधारणा मंडळ होते, आपल्यासारखेच. १९०३ साली बाईंनी शेतकी खात्याच्या मंत्र्यांना पत्र घालून भेसळीवर बोलायला कोणी पाठवा अशी विनंती केली, आणि स्वतः वायली आले. त्या एका व्याख्यानापासून देशभरच्या स्त्रीमंडळांचे जाळे या कामाला लागले. बायकांनी पत्रे लिहिली, अर्जांवर सह्या जमवल्या, गावोगाव भेसळीच्या मालाची प्रदर्शने मांडली. १९०४ साली सेंट लुईच्या जागतिक प्रदर्शनात तर खाद्यपदार्थांतून काढलेल्या रंगांनी लोकर आणि रेशीम रंगवून टांगले होते, आणि मुरंब्याच्या रंगात रंगलेले कापड बघायला गर्दी लोटली होती. १९०५ साली लेकीबाई इतरांसमवेत राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना जाऊन भेटल्या. या बायकांना तेव्हा मताचा अधिकार नव्हता, हे ध्यानात ठेवावे. देशभर तो त्यांना १९२० साली मिळाला. हा कायदा झाला तो स्त्रीमंडळांमुळे, असे वायलींनी पुढे स्वतः कबूल केले आहे.

१९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी निघाली आणि लोकांचा संताप अनावर झाला. ३० जून १९०६ रोजी रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९०७ पासून तो लागू झाला. एका संस्थानातून दुसऱ्यात जाणाऱ्या मालाला तो लागू होता. त्यात दोन गुन्हे सांगितले : एक भेसळ, आणि दुसरा खोटी छाप. लेबलावरचे कोणतेही विधान खोटे किंवा फसवे असले, एका पदार्थाची नक्कल दुसऱ्याच्या नावाने विकली, माल एका प्रांताचा असता दुसऱ्याचे नाव टाकले, तर ती खोटी छाप. औषधांत अफू, कोकेन, दारू यांसारखी द्रव्ये असली तर ती किती आहेत हे लेबलावर लिहिणे भाग पडले. अन्नात काय काय आहे ते सगळे लिहा असे मात्र हा कायदा सांगत नव्हता. लिहाल ते खरे लिहा, एवढेच सांगत होता.

या कायद्याच्या बजावणीची रीत मला फार गमतीची वाटली. १९०७ साली पहिले २८ निरीक्षक नेमले. ते बाजारातून नमुने विकत घेत, वायलींची प्रयोगशाळा ते तपासी, मालकाला बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेत आणि मग प्रकरण सरकारी वकिलाकडे जाई. सरकारला खटला मालकाऐवजी मालावरच भरता येई! अमेरिकेचे सरकार विरुद्ध अमुक पेट्या, अमुक पिंपे, अशी त्या खटल्यांची नावे आहेत. पिंप दोषी ठरले की जप्त.

पहिला गाजलेला खटला १९०८ सालचा. वॉशिंग्टनमधील हार्पर नावाचे एक मोठे वजनदार व्यापारी डोकेदुखीवर एक औषध विकत. ते मेंदूचे अन्न आहे आणि निरुपद्रवी आहे, असे त्यावर छापलेले. आत असे ॲसिटॅनिलाइड, जे हृदयाला घातक ठरू शकते. पंचांनी त्यांना दोषी ठरवले, दंड झाला ७०० डॉलर, आणि तो भरून ते घरी गेले. एवढ्या धंद्याला ७०० डॉलर म्हणजे चिल्लर, असे कोणालाही वाटेल; परंतु लेबलावरच्या खोटेपणासाठी प्रतिष्ठित माणसाला कोर्टात उभे राहावे लागते, हे देशाने पाहिले.

वायलींचा पुढचा काळ मात्र त्रासाचा गेला. कारखानदारांनी राष्ट्राध्यक्षांकडे रीघ लावली. १९०८ सालच्या एका बैठकीत एक डबेवाले अभिमानाने सांगू लागले, की मक्याच्या दाण्यांत साखरेऐवजी सॅकरिन घालून आमच्या पेढीने वर्षाला ४,००० डॉलर वाचवले. वायलींना राहवले नाही. खाणाऱ्याला वाटते आपण साखर खातो आणि खातो तो डांबरापासून काढलेला पदार्थ, ही फसवणूक आहे, आणि तो प्रकृतीलाही वाईट, असे ते मध्येच बोलून गेले. रूझवेल्ट यांना त्यांचे वैद्य रोज सॅकरिन देत असत! ते भडकले आणि सॅकरिनला वाईट म्हणणारा मूर्ख आहे असे त्यांनी सुनावले. पुढे शास्त्रज्ञांची एक वेगळी समिती वायलींच्या डोक्यावर बसवण्यात आली. तिचे अध्यक्ष इरा रेम्सेन. ज्यांच्या प्रयोगशाळेत सॅकरिनचा शोध लागला तेच हे गृहस्थ. मला वाटते वायली फसवणुकीपुरते बोलून थांबले असते तर त्यांची बाजू पक्की होती. प्रकृतीविषयी ते पुराव्यापेक्षा पुढे गेले, आणि ही त्यांची नेहमीची खोड होती.

१९०९ साली सरकारने कोका-कोलाच्या पाकाची ४० मोठी व २० लहान पिंपे जप्त केली. आरोप दोन : घातलेले कॅफिन अपायकारक आहे, आणि नावावरून कोका व कोला यांचा भास होतो तो फसवा आहे. चट्टानूगा या गावी मार्च १९११ मध्ये खटला चालला. त्याच्या दोनच आठवडे आधी, वयाच्या ६६ व्या वर्षी, वायलींचे लग्न झाले होते! वधू ॲना केल्टन तिशीतल्या. दहा वर्षांपूर्वी त्यांनी नकार दिला होता. तरी वायली त्यांचे छायाचित्र घड्याळाच्या झाकणात बाळगून होते. पुढे त्यांना दोन मुलगे झाले. ॲनाबाई स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या. १९१७ साली राष्ट्राध्यक्षांच्या निवासापुढे निदर्शने केल्याबद्दल त्यांना अटक झाली व तुरुंगात जावे लागले. कोका-कोलाचा खटला सरकार हरले, १९१६ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि शेवटी कंपनीने कॅफिन निम्म्यावर आणायचे कबूल करून तडजोड केली.

१९११ सालीच वायलींवर एका तज्ज्ञाला नियमाबाहेर पगार दिल्याचा आळ आला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना निर्दोष ठरवले. तरी आपले हात बांधलेलेच राहणार हे ओळखून १५ मार्च १९१२ रोजी त्यांनी २९ वर्षांची नोकरी सोडली व गुड हाऊसकीपिंग या गृहिणींच्या मासिकात गेले. तिथे त्यांना प्रयोगशाळा मिळाली. जाहिरातीतला माल तिथे तपासला जाई आणि नापास झाला तर जाहिरात छापली जात नसे.

त्यांच्या हयातीतच, १९२४ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक निकाल झाला. खटला होता व्हिनेगरच्या ९५ पिंपांवर. लेबलावर लिहिले होते, की हे निवडक सफरचंदांपासून केलेले सफरचंदी व्हिनेगर आहे. कंपनीने सफरचंदे खरोखरच वापरली होती. पण ती आधी वाळवून, मग पाण्यात भिजवून. व्हिनेगर खायला वाईट नव्हते. न्यायालय म्हणाले, की लेबलातले शब्द एकेकटे खरे असले तरी वाचणाऱ्याची समजूत खोटी होत असेल तर ती खोटी छापच; आणि फसवणार नाहीत अशी विधाने आणि चित्रे निवडणे काही अवघड नाही. नातीने हे सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कुरणातली गाय उभी राहिली.

३० जून १९३० रोजी वायली वारले. कायद्यावर सही झाली त्या दिवसाला बरोबर २४ वर्षे झाली होती. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांची समाधी आहे व तिच्यावर शुद्ध अन्न कायद्याचे जनक असे कोरले आहे. ॲनाबाई १९६४ पर्यंत होत्या. १९०६ चा कायदा जाऊन तिकडे १९३८ साली अधिक कडक कायदा आला. आपल्याकडे भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला, १ जून १९५५ पासून अमलात आला, आणि त्याच्या जागी आता २००६ चा कायदा आहे. या दोन्हींत खोट्या छापेचा गुन्हा आहेच.

यंदाच्या लाडवांसाठी आपण लोणी आणून मंडळातच कढवायचे ठरवले आहे. पाकिटावर लिहायचे काम मी पुन्हा मागून घेतले आहे. तो डबा मी टाकला नाही. मंडळाच्या कपाटात शिवणाचे दोरे ठेवायला तो उपयोगी पडतो.